दोन शहरांमधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

लंडन ते न्यूयॉर्क अंतर शोधलं की एका ठिकाणी ५,५७० किलोमीटर दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ५,५४०. तिसरीकडे ३,४६० हा आकडा सापडतो, चौथीकडे २,९९०. मग विमानाचं वेळापत्रक उघडावं, तर जाताना साधारण आठ तास आणि येताना सात. तिकिटावर छापलेल्या सुटायच्या-पोचायच्या वेळांची सरळ वजाबाकी केली, तर जाताना तीनच तास लागतात आणि येताना चक्क बारा.

यातला एकही आकडा चुकीचा नाही. ५,५७० हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे आणि ५,५४० हे विमानतळापासून विमानतळापर्यंतचं. ३,४६० म्हणजे तेच पहिलं अंतर मैलांत. २,९९० म्हणजे दुसरं अंतर सागरी मैलांत. विमानवाहतुकीत आजही सागरी मैलच वापरतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पण तासांचं काय? एकाच अंतराला जाताना आठ आणि येताना सात का? आणि तीन-बाराचा प्रकार काय आहे?

मला हा विषय फार आवडतो, कारण ‘किती लांब आहे?’ या साध्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. जमिनीवर मोजलेलं अंतर किती, हवेत जाणारा वेळ किती, आणि घड्याळ काय सांगतं. बोलताना आपण तिन्ही एकत्र करतो आणि मग हिशेब जुळत नाही.

गोलावरचा दोरा

पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर घ्या, आणि एक दोरा. गोलावर रशियातलं सेंट पीटर्सबर्ग शोधा. ते साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आणि ३० अंश पूर्व रेखांशावर आहे. आता अलास्कातलं अँकरेज शोधा. ६१ अंश उत्तर, १५० अंश पश्चिम. भिंतीवरच्या नकाशात ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच उंचीवर दिसतात, एक उजवीकडे, एक पार डाव्या टोकाला. एकातून दुसऱ्यात जायचं तर कोणीही आडवी सरळ रेघ मारेल.

त्या रेघेची लांबी काढू. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ६० अंशांवरच्या अक्षवृत्ताचा घेर त्याच्या बरोबर निम्मा, म्हणजे २०,०००. आपली दोन शहरं ३० पूर्व आणि १५० पश्चिम रेखांशावर, म्हणजे एकमेकांच्या अगदी समोरासमोर. अक्षवृत्ताचा अर्धा फेरा मारावा लागणार, तेव्हा १०,००० किलोमीटर झाले.

आता दोऱ्याचं एक टोक सेंट पीटर्सबर्गवर बोटाने दाबून धरा, दुसरं अँकरेजवर आणा आणि दोरा ताणा. तो आडवा राहणारच नाही. सरकत सरकत वर जाईल आणि थेट उत्तर ध्रुवावर जाऊन बसेल. एका शहरापासून ध्रुव ३० अंश, ध्रुवापासून दुसरं शहर २९ अंश. एकूण ५९ अंश आणि दर अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटर. आडव्या रेघेपेक्षा साडेतीन हजारांनी कमी.

हे पहिल्यांदा हाताने करून पाहिलं तेव्हा मी दोरा चार-पाच वेळा सोडून पुन्हा ताणला होता. वाचून पटतं त्यापेक्षा बोटांना जास्त पटतं.

ताणलेला दोरा ज्या रेषेवर बसतो तिला बृहद्वृत्त म्हणतात. संत्र्याचे बरोबर मधोमध, केंद्रातून दोन तुकडे केले तर सालीवर जो काप उमटतो, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन-दोन रेखावृत्तं मिळून अशीच बृहद्वृत्तं बनतात, पण विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं तशी नाहीत. ती कडेने कापलेल्या चकत्यांसारखी आहेत, म्हणून त्यांच्यावरून जाणं लांबचं पडतं. विमानाचा मार्ग नकाशावर कमानीसारखा वाकडा दिसतो तो याच कारणाने. विमान सरळच चाललेलं असतं, वाक नकाशात असतो.

तो नकाशा बनवणाऱ्याचा यात दोष नाही. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली तो जहाजांसाठी काढला होता. होकायंत्राची एक दिशा धरून चाललेलं जहाज त्या नकाशावर सरळ रेषेत जातं आणि खलाशाला तेच हवं होतं. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचा भाग अवाच्या सवा ताणला गेला. त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका सारख्याच आकाराचे भासतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. आपण शाळेपासून हाच नकाशा पाहत आलो, त्यामुळे अंतराचा आपला अंदाज मुळातच बिघडलेला असतो, विशेषतः उत्तरेकडच्या शहरांचा.

अंतर सांगणारी संगणकाची साधनं हेच दोऱ्याचं काम गणिताने करतात. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या केंद्रापाशी त्यांच्यात किती अंशांचा कोन होतो ते काढायचं आणि १११ ने गुणायचं. तरी दोन साधनांची उत्तरं थोडी वेगळी येतात, कारण पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. काही साधनं हा चपटेपणा धरतात, काही धरत नाहीत. फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, मग अंतर वाढत नाही का, असंही विचारतात. वाढतं, पण अगदीच थोडं. लंडन-न्यूयॉर्क एवढ्या अंतरात या उंचीमुळे दहा किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत, कारण पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येपुढे अकरा किलोमीटर काहीच नाहीत. आणि पृथ्वीच्या पाठीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. तेवढं गेलं की आपण बरोबर उलट्या बाजूला पोचतो आणि पुढचं प्रत्येक पाऊल परतीचं.

विमान दोऱ्यावरून जात नाही

दोऱ्याचं अंतर हे कमीत कमी अंतर. खरं विमान त्याहून थोडं जास्त उडतं, कधी बरंच जास्त.

एक कारण सुरक्षिततेचं. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं, तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर उतरता आलं पाहिजे असा नियम आहे. १९५३ साली अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाला समुद्राच्या काठाकाठानेच जावं लागे. इंजिनं भरवशाची होत गेली तशी मर्यादा वाढली. १९८५ मध्ये १२० मिनिटं, १९८८ मध्ये १८०, आणि एअरबस ए-३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी आहे. उत्तर गोलार्धात जमीन आणि विमानतळ भरपूर, तिथे हा नियम आता फारसा जाणवत नाही. पण ऑस्ट्रेलियातलं सिडनी ते चिलीतलं सांतियागो पाहा. सुमारे ११,३०० किलोमीटर, दोरा ताणला तर दक्षिणेला अंटार्क्टिकाकडे झुकतो आणि खाली नुसता समुद्र. या मार्गावर बराच काळ चार इंजिनांची विमानं वापरली गेली, त्यामागे हा नियम होता.

दुसरं कारण माणसांनी आखलेल्या सीमांचं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचं आकाश परदेशी विमानांना जवळपास बंद होतं. युरोपातून जपानला जाणारी विमानं मग उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून अँकरेजला उतरत, इंधन भरत आणि पुढे टोकियोला जात. ध्रुवाजवळून जायची वाट त्याआधीच मळायला लागली होती. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी ग्रीनलंडमार्गे सेवा सुरू केली होती. पुढे सोव्हिएत आकाश उघडलं आणि हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. हेलसिंकी आणि टोकियो होते तिथेच आहेत.

वारा

सगळ्यात गमतीचा भाग हा.

मोठं प्रवासी विमान ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने जातं. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९००. याहून वेग वाढवायला गेलं की हवेचा विरोध एकदम चढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीची जेट विमानं जेवढ्या वेगाने जायची, जवळपास तेवढ्याच वेगाने आजचीही जातात. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाने ही मर्यादा ओलांडली होती. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत पोचलं होतं. २००३ मध्ये ते थांबलं, आणि प्रवाशांना घेऊन तेवढ्या वेगाने जाणारं दुसरं विमान अजून आलेलं नाही.

पण हा ताशी ९०० चा वेग हवेच्या तुलनेत आहे. नदीत होडी वल्हवणाऱ्याचा जोर दोन्ही दिशांना सारखाच असतो, पण प्रवाहाबरोबर जाताना काठावरची झाडं झरझर मागे जातात आणि प्रवाहाविरुद्ध ती हलता हलत नाहीत. विमानाची नदी म्हणजे हवा, आणि ती स्वतः वाहत असते. लांबच्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा. उंची तीच, इंजिनाचा आवाज तोच, आणि जमिनीच्या हिशेबाने वेग कधी ताशी १,०८० दिसतो, कधी ७६०. हा सगळा फरक बाहेरच्या वाऱ्याचा.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकाने ते चालतात, म्हणून हिवाळ्यात ते जास्त जोरदार असतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, कधी त्याच्या दुपटीपर्यंतही जातो. त्यांची नीट मोजणी पहिल्यांदा केली वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात. तो फुगे सोडायचा आणि ते वर जाताना दुर्बिणीने त्यांचा माग काढायचा. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्याने ते एस्पेरांतो या भाषेत छापलं. सगळ्या जगाची एक भाषा व्हावी म्हणून रचलेली ती भाषा वाचणारे थोडेच होते आणि कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ ही बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडायला लागली आणि वाऱ्यात सापडली, तेव्हा जगाला या प्रवाहांची खरी जाणीव झाली. मला या माणसाबद्दल नेहमी हळहळ वाटते.

आता हिशेब. अंतर ५,५५० किलोमीटर धरू, विमानाचा वेग ९०० आणि वारा १५०. पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग १,०५०, तेव्हा ५ तास १७ मिनिटं. पश्चिमेकडे ७५०, तेव्हा ७ तास २४ मिनिटं. लंडन-न्यूयॉर्कचं जाणं-येणं वेगवेगळं का, याचं उत्तर इथे मिळालं.

पण दोन्हींची बेरीज करून पाहा. १२ तास ४१ मिनिटं. वारा अजिबात नसता तर प्रत्येक खेपेला ६ तास १० मिनिटं, दोन्ही मिळून १२ तास २० मिनिटं. जाताना वारा जेवढं देतो तेवढंच येताना काढून घेतो असं आपल्याला वाटतं, पण तो २१ मिनिटं जास्तच काढून घेतो. कारण उघड आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्यात विमान हळू जातं, म्हणजे त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहतं. मदत कमी वेळ मिळते आणि विरोध जास्त वेळ होतो. वारा कुठल्याही बाजूचा असो, जाऊन-येऊन हिशेब तोट्याचाच.

म्हणून मार्ग आखणारे लोक रोज वाऱ्याचा अंदाज पाहून वाट ठरवतात. उत्तर अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा नवे मार्ग जाहीर होतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना प्रवाहात घालायचं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याच्यापासून दूर ठेवायचं. ९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटिकवर मोठं वादळ होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीवरचा वेग एका क्षणी ताशी १,३०० च्या वर गेला होता. म्हणजे ते ध्वनीपेक्षा वेगाने गेलं का? नाही. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच त्याला घेऊन धावत होती.

याहून मला पटणारं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३००, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ साधारण दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला, कारण वारा सतत पाठीशी. लांबची वाट लवकर पोचवते, हे दोऱ्यावरून कधीच कळलं नसतं.

इथे एक शंका हमखास येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे ते शहर स्वतःच चालत यायला नको का? विषुववृत्तावर तर जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरते. शंका रास्त आहे. पण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने फिरत असतं. वर उडालं म्हणून तो वेग सुटत नाही. धावत्या रेल्वेत उभ्याने उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवाटेने. उबदार हवा ध्रुवाकडे सरकताना या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच जेट प्रवाह तयार होतात. थोडक्यात, पृथ्वीचं फिरणं पूर्वेकडे जाणाऱ्यालाच मदत करतं, आपल्या अंदाजाच्या बरोबर उलट.

तिकिटावरचे तास

कप्तान सांगतो की उड्डाणाचा वेळ सहा तास चाळीस मिनिटं आहे. तिकीट म्हणतं पावणेआठ तास. मधला तासभर कुठे गेला?

तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून हलतं ती वेळ आणि पोचायची वेळ म्हणजे ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबतं ती. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावतात, ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा हा वेळ, म्हणून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं येतं, रांगेत थांबणं येतं, उतरल्यावर पुन्हा सरपटणं येतं. गर्दीच्या विमानतळावर यातच अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय कंपन्या थोडा वेळ राखून ठेवतात, वारा विरुद्ध असला किंवा उतरायला रांग लागली तरी वेळ पाळता यावी म्हणून. कप्तान जे सांगतो ते चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचं. दोघेही खरं बोलतात.

आता घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. त्या हिशेबाने प्रत्येक देशाने आपापली वेळ ठरवली आहे, काहींनी अर्ध्या आणि पाऊण तासाच्या फरकानेही. टोकियोची वेळ हिवाळ्यात लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते. सोमवारी संध्याकाळी ५ ला टोकियोहून निघालात. दहा तासांनी टोकियोत मंगळवारची पहाट, ३ वाजलेले. त्यातून १७ तास वजा करा. लॉस एंजेलिसमध्ये सोमवारचे सकाळचे १० वाजलेत. निघालात त्याच्या सात तास आधी पोचलात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि सोमवार पुन्हा एकदा मिळाला. परतीला सोमवारी सकाळी ११ ला निघा. वारा समोरून, म्हणून बारा तास धरू. टोकियोत उतराल तेव्हा मंगळवारची दुपार, ४ वाजलेले. तिकिटावर २९ तास दिसतील.

ही वाररेषा निसर्गाने आखलेली नाही. देश ती आपल्या सोयीने सरकवतात. पॅसिफिकमधल्या समोआ या बेटांच्या देशाने २०११ मध्ये ती ओलांडायची ठरवली आणि तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही.

घड्याळाचा हा गोंधळ सोडवायला एक सोपी युक्ती आहे. जाण्याचे आणि येण्याचे तिकिटावर दिसणारे तास एकमेकांत मिळवा आणि निम्मे करा. वेळेचा फरक एका बाजूने वाढवतो तेवढाच दुसऱ्या बाजूने कमी करतो, त्यामुळे बेरजेत तो पुसला जातो. लंडन-न्यूयॉर्कचे तीन आणि बारा मिळून पंधरा, निम्मे साडेसात. टोकियो-लॉस एंजेलिसचे उणे सात आणि २९ मिळून २२, निम्मे ११. वेळेतला फरक किती हे माहीतच असायची गरज नाही. एवढंच पाहायचं की दोन्ही खेपांच्या मधे कुठल्याही शहराने उन्हाळी वेळ बदललेली नसावी, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे किंवा नंतर मागे केलेलं नसावं. सिडनी आणि लंडन यांच्यातला फरक वर्षभरात कधी ९, कधी १०, कधी ११ तास असतो, कारण एका गोलार्धात उन्हाळा सुरू होतो तेव्हा दुसऱ्यात संपतो.

उत्तर-दक्षिण प्रवासात यातलं जवळपास काहीच नाही. लंडन ते जोहान्सबर्ग सुमारे ९,००० किलोमीटर, दोन्ही बाजूंनी साधारण अकरा तास, आणि घड्याळात एक-दोन तासांचाच फरक. वारा आडवा पडतो म्हणून जाणं-येणं सारखं, आणि झोपेचंही फारसं बिघडत नाही. अंगावर येतो तो रेखांशांचा फरक, किलोमीटरचा नाही.

आपला आपण अंदाज

तिकीट न पाहता वेळ काढायचा असेल तर मी असं करतो. दोऱ्याचं अंतर घ्यायचं, ८५० ने भागायचं आणि पाऊण तास मिळवायचा. ताशी ९०० ऐवजी ८५० घ्यायचं ते वाटेतल्या वळशांसाठी, आणि पाऊण तास धावपट्टी, चढण आणि उतरण यांच्यासाठी. ५०० किलोमीटरला ही रीत एक तास वीस मिनिटं देते. छोट्या अंतराला वेळ इतका जास्त का वाटतो तेही यातच दिसतं, निम्म्याहून जास्त वेळ त्या पाऊण तासातच जातो.

सिंगापूर ते न्यूयॉर्क हा थेट जाणारा सगळ्यात लांब मार्ग, सुमारे १५,३५० किलोमीटर. भागून आणि मिळवून पावणेएकोणीस तास येतात, आणि वेळापत्रकातही साधारण तेवढेच असतात. तिथे दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो, विमान मात्र न्यूयॉर्कला जाताना सहसा पॅसिफिकवरून, वाऱ्याला पाठीशी घेऊन जातं. यासाठी खास बनवलेल्या ए-३५० मध्ये सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावतं, आणि वजन आवाक्यात राहावं म्हणून त्यात आसनं फक्त १६१. इतक्या लांबच्या प्रवासात बरंचसं इंधन हे उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं, आणि त्यामुळेच मध्ये एकदा उतरून जाणं पुष्कळ वेळा स्वस्त पडतं. मात्र थांबा असला की सगळं गणित बदलतं. वाकड्या वाटेचे किलोमीटर, दुसऱ्यांदा उतरणं-चढणं आणि मधलं वाट पाहणं धरलं, तर बारा तासांचा प्रवास सहज अठरा-वीस तासांचा होतो.

आलेल्या आकड्यात शेवटी वारा घालायचा. मध्यम अक्षांशांत, लांब समुद्र ओलांडून पूर्वेकडे जायचं असेल तर अर्धा ते एक तास कमी, पश्चिमेकडे तेवढाच जास्त, हिवाळ्यात थोडा आणखी. टोकियो ते लॉस एंजेलिस दोरा ८,७५० किलोमीटर दाखवतो. ८५० ने भागलं की १० तास १८ मिनिटं, त्यात पाऊण तास मिळवला की ११ तास ३ मिनिटं. आणि मघाशी नुसत्या तिकिटावरच्या वेळांवरून, अंतराकडे न बघता, ११ च आले होते.